पाटीचा फोटो

डॉ. अच्युत निमकर एकतीस वर्षं एकाच प्रमेयाच्या सिद्धतेमागे लागले होते. गेली नऊ वर्षं ते काम माळ्यावर, दगडी पाटीवर चालायचं आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलं जायचं. कारण गणित कुठल्याही यंत्राच्या नजरेस पडलं, की ते न विचारताच खरं-खोटं सांगून मोकळं व्हायचं. त्यांचे सगळे सहकारी असेच एकेका दुपारी रिकामे झाले होते.

"अहो, मी काल पाटीचा फोटो काढला," शकुंतलाबाई चाचरत म्हणाल्या. "तुम्ही रोज पुसता, एखाद दिवशी लिहिलेलं विसरलात तर? पण फोनने लगेच उत्तरच दिलं."

अच्युतरावांच्या हातातला खडू गळून पडला. "शकू, सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या. दोनच पायऱ्या उरल्यात गं!"

"नाही सांगत." त्यांनी फोन उपडा ठेवला. मग हळूच नवऱ्याच्या मांडीवरची पाटी काढून घेतली. "पण आता पुरे करा हो."

अच्युतराव रिकाम्या मांडीकडे बघत राहिले. प्रमेय खरं असतं, तर शकूने पाटी काढून घेतली नसती.