कॅसेटवरची बाई

नदीत बर्फाचे तुकडे वाहायला लागले की होड्या बंद होतात, आणि पाणी पुरतं गोठेपर्यंत बर्फावरून गाड्याही जात नाहीत. आमच्या चिनी काठावरच्या हेइहेच्या बाजारात पलीकडचं एकही रशियन गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या रिकाम्या आठवड्यांत मी माझ्या टोप्यांच्या दुकानात कॅसेट लावून रशियन शिकत होते.

सातव्या धड्यात बाई म्हणायची, "आत या, दार उघडंच आहे." मग आपण तेच म्हणायला ती थांबायची. मी म्हटलं की वैतागून म्हणायची, "पुन्हा!"

चार दिवस तेच. डोकं उठलं माझं.

"छ्यू काका, तुमच्याकडेही हीच कॅसेट आहे ना, त्यातली बाई किती वेळा 'पुन्हा' म्हणते हो?" मी शेजारच्या थर्मासवाल्यांना विचारलं.

"एकदाही नाही. अगं शुफेन, कॅसेट कशी ऐकेल तुझं? तुझा नवरा तरी ऐकतो का?"

मी त्यांचीच कॅसेट आणून लावली. वाक्य म्हटलं.

"पुन्हा!"

"अगं बये, आणखी कसं म्हणू?" मी ओरडले. मग एकेक शब्द अगदी तिच्या सुरात म्हटला.

या वेळी बाई गप्प राहिली.

दुकानाचं दार उघडलं. ओल्या पावलांचे ठसे एकामागून एक उमटत माझ्या स्टुलापर्यंत आले. वर माणूस नव्हतं.

मी कॅसेट बंद केली.

"शाबास," बाई माझ्या कानाशी म्हणाली. "आता म्हण, चला, मी तुमच्याबरोबर येते."

चार दिवसांच्या सवयीने मी म्हणून गेले.

तिने "पुन्हा" म्हटलं नाही.