बाहेरचा थर

तिसऱ्यांदा पेशी नासल्या तेव्हा साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्या जंतूंना कशा अडवतात ते पाहायचं, हे त्या प्रयोगशाळेचं काम. पण बोलावलं नसताना कुठलातरी जंतू बशीत शिरत होता आणि सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पाडत होता. तो कुणाच्या हातून येतो ते कळावं म्हणून प्रत्येकाने एकेका कोऱ्या बशीवर बोटं टेकवली. काचसामान धुणाऱ्या मावशींनीही टेकवली.

दोन दिवसांनी इतरांच्या बशांवर जंतूंचे दोन-चार ठिपके उगवले. मावशींच्या बशीवर पिवळं रान माजलं होतं.

"मावशी, हात दाखवा."

मावशींनी हात पाठीमागे नेले. अकरा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर पुढच्या महिन्यात त्या कायम होणार होत्या. तेवढा महिना झाकली मूठ झाकलेलीच राहावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण हात पुढे करावे लागले. अॅसिडने आणि ब्रशने बोटांची चाळण झाली होती, आणि अंगठ्याजवळची भेग लालबुंद सुजली होती.

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा खुलला. हातमोजे चढवून त्यांनी तो अंगठा धरला आणि विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं.

"पुस्तकात काय बघता, इथे बघा. बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. जंतू घुसला की पहिल्या हाका त्याच मारतात. ही लाली, ही सूज म्हणजे त्यांची बोंब. आणि शेवटी मरून गळून पडतात. म्हणून तर आतलं सगळं शाबूत राहतं."

"चार औषधं घालून पाहिली, सर. बशीतला जंतू मरतच नाही," एक विद्यार्थिनी म्हणाली.

"सुंदर!" साहेब म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी तो हात हातात घेतला होता. मावशींना धीर आला.

"साहेब, मी मोजे मागत होते. तीनदा अर्ज दिला."

"मोजे कायम नोकरांनाच मिळतात, मावशी. नियम आहे." साहेबांनी कापसाची काडी भेगेत फिरवली. मावशी कळवळल्या. "हलू नका. नमुना वाया जाईल."

काडी नळीत गेली, नळीवर क्रमांक चढला, आणि नळी बर्फाहून थंड कपाटात जाऊन बसली. जंतूला पहिल्याच दिवशी कायमची जागा मिळाली.

"तुमच्यावर राग नाही हं," साहेब मावशींना म्हणाले. "पण उद्यापासून येऊ नका. पेशींचा प्रश्न आहे."

मावशी दाराकडे वळल्या.

"थांबा! फाटकापर्यंत चार दारं आहेत. असा हात लावू नका कशाला." त्यांनी मोज्यांची कोरी जोडी पुढे केली.

मावशींनी मोजे घातले. भेगेवर रबर घासलं, पण मापाला अगदी बरोबर बसले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने लांबूनच हात उंचावला.

"अरे वा, मावशी! मोजे मिळाले! म्हणजे कायम झालात की. तोंड गोड कधी करताय?"