भांगाची ओहोटी

“पोरांना भरती-ओहोटी शिकवतेस आणि स्वतः अष्टमीला येतेस होय गं?” वृंदा खडकावर उभी राहून हसत सुटली.

चूक माझीच होती. अष्टमीची ही भांगाची ओहोटी, पाणी थोडंसंच मागे सरून थांबलं होतं, पुढचे खडक पाण्याखालीच होते. दोन दिवसांत वृंदाने मला सगळी रत्नागिरी फिरवली, पण मी आले होते जिवंत तारामासा बघायला. तो चालतो, असं मी दरवर्षी वर्गात सांगते. आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेतला मात्र फॉर्मॅलिनमध्ये पांढरा पडलाय. आणि संध्याकाळी माझी परतीची गाडी होती.

“वृंदा, ती सरबताची काचेची बरणी दे.”

उरलेलं कोकम सरबत मी घटाघटा पिऊन टाकलं आणि मांडीभर पाण्यात उतरले.

“अगं, सासूबाईंची बरणी आहे ती! फुटली तर तुझ्याबरोबर मलाही लातूरला यावं लागेल!”

बरणीचा तळ पाण्यात किंचित दाबून मी आत डोकावले. लाटांची थरथर गेली, तळ स्वच्छ दिसू लागला. शेवाळ, शिंपले आणि खडकाच्या कडेला काहीतरी केशरी. पाच हात. त्यातला एक हळूच उचलला गेला, पुढे टेकला.

“दिसला का गं?”

“चालतोय!” मी बरणीतच ओरडले. “वृंदा, खरंच चालतोय!”