गोड आवाज

आमच्या इमर्जन्सी वॉर्डात नवी नर्स आली की मोठ्या सिस्टर पहिला धडा हाच देत. "ज्याला फारसं काही झालेलं नाही, त्याला खुशाल दमात घ्या. पण ज्याचं काही खरं नाही, त्याच्याशी इतकं गोड बोला, की त्याला वाटलं पाहिजे, आपण उद्या घरी चाललो."

हा धडा सगळ्यात छान गिरवला तो एका तरुण नर्सनं; तिच्या आवाजामुळे आम्ही तिला तोफच म्हणायचो. या पोरीनं ज्याला झापलं, तो संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी घरी जाणार, हे आम्हाला पाठ झालं होतं. आपल्यामागे वॉर्ड हिच्याच हाती द्यायचा, असं मोठ्या सिस्टर उघड सांगत.

परवा ड्युटीवरच मोठ्या सिस्टरच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना वॉर्डातल्याच कॉटवर निजवलं. "गॅस असेल गं. सकाळपासून नुसत्या चहावर आहे," त्या म्हणाल्या. आता तोफ कडाडणार, म्हणून आम्ही जरा मागेच सरकलो.

तोफेनं ईसीजी काढला, कागदावर नजर टाकली आणि डॉक्टरांना खुणेनंच बोलावलं. मग मोठ्या सिस्टरच्या कपाळावरचे केस हळूच मागे सारले.

"काही नाही हो सिस्टर, गॅसच आहे. तुम्ही डोळे मिटून स्वस्थ पडा बघू."

मोठ्या सिस्टरनी तिचा हात घट्ट धरला.

"अगं," त्या म्हणाल्या, "जरा ओरड ना माझ्यावर."