वरचा कप्पा

फ्रिजवर हात फिरवत आईने वरचा बर्फाचा कप्पा उघडला आणि चाचपून छोटी बाटली काढली. "एवढीच राहिलीय बघ."

लेकीच्या हातात ती दगडासारखी आली. आतलं औषध गोठलं होतं.

काचबिंदूवरचं ते औषध लेकीनेच प्रयोगशाळेत घडवलं होतं. साधे थेंब अश्रूंबरोबर वाहून जातात, म्हणून तिने ते डोळ्यात टिकणाऱ्या, केसाहून कितीतरी बारीक कुप्यांत भरलं होतं. गोठलं की त्या कुप्या फुटतात. "फ्रिजमध्ये ठेव" एवढंच तिने आईला बजावलं होतं.

"वर का ठेवलंस गं?"

"तुझ्या हातचं औषध खाली भाजीपाल्यात ठेवू होय? वर जास्त टिकेल म्हटलं. रोज मुठीत धरून वितळवायचे नि मग घालायचे. एक दिवस चुकवला नाही." आई खिडकीकडे तोंड करून बोलत होती, लेक दुसऱ्या बाजूला उभी होती. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं. माझं औषधच कमी पडलं."

आईने चाचपडत तिचा ओला गाल पुसला. "असू दे. उरलेलं टाकू नकोस मात्र. कुणाला तरी दे, त्याला तरी दिसेल."