थरथर

"पश्चात्तापाला नेपथ्य लागत नाही!" अशी गर्जना करून दिग्दर्शकाने स्टुडिओतलं कपाट, पडदे, टेबल, सगळं बाहेर काढायला लावलं. दुपारी उभ्या उभ्या नायकाची कंबर धरली, तेव्हा दिग्दर्शकाच्या घरची जुनी लाकडी खुर्ची तेवढी आत आली.

मालिका दिग्दर्शकाच्याच मोडलेल्या संसारावर होती. रिकाम्या खोलीत नायक खुर्चीवर बसतो, सोडून गेलेल्या बायकोला आठवतो आणि अवाक्षर न काढता थरथरत राहतो. ती थरथर पाहून चॅनेलच्या साहेबांनी डोळे पुसले. जांभई आली म्हणून असेल, पण पुसले.

दिग्दर्शकाला मात्र एकाच प्रेक्षकाची पर्वा होती. त्याने बायकोला पहिला भाग बघायला मुद्दाम बोलावलं. ती परत येईल, निदान माफ तरी करेल, एवढीच आशा. तिने सगळा भाग पाहिला. दिवे लागले तेव्हा तिचे डोळे पाणावले होते. दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला.

"कसं वाटलं?"

"ओळखीचं वाटलं. आपल्या घरी तू असाच गप्प बसायचास. फक्त मध्ये जाहिराती नसायच्या."

"आणि ती थरथर? ती माझ्या काळजातली आहे गं."

 

"कसली काळजातली! त्या खुर्चीचा मागचा पाय आखूड आहे. लग्न झाल्यापासून सांगत होते, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घाल. आता तरी घाल रे बाबा."