डावं-उजवं

कॉकपिटच्या दारात मंत्री थबकले. समोर दोन खुर्च्या. डावीकडे यॉ बोआडू, उजवीकडे विल्क्स. विल्क्स गोरा.

(मंत्र्यांचं छापील भाषण, पान एक: 'अक्रोमा एअरवेज सुरू केली तेव्हा विमानं तीन, तीही उसनी. चालवणारे लंडनचे. आपली माणसं फक्त बॅगा उचलायची.')

"आपल्या माणसाला डावीकडे बसवलंत? आणि पाहुण्याला उजवा मान?" मंत्र्यांनी विचारलं. "उद्या हा फोटो देशभर जाणार."

यॉनं समजावलं. डावी खुर्ची कॅप्टनची, जगात कुठेही. अकरा वर्षं तो उजवीकडे बसला, दुय्यम म्हणून. आज पहिल्यांदा डावीकडे. देशाचा पहिला कॅप्टन. समारंभ त्याचाच तर होता.

मंत्री हसले. म्हणून सचिव हसला. म्हणून फोटोग्राफर.

"कंपनी मी काढली, आणि तू मला शिकवतोस? डावा हात कशासाठी असतो, हे आईनं शिकवलं नाही वाटतं. ऊठ."

(पान दोन: 'आज सोळा विमानं, नऊ देश. अक्रोमा म्हणजे ससाणा, आणि ससाणा आपल्याच पंखांवर उडतो.')

विल्क्सनंही सांगून पाहिलं, की आज दुय्यम तोच आहे, उजवी खुर्ची त्याचीच. मंत्र्यांनी त्याची पाठ थोपटली. पाहुण्यानं इतकी नम्रता दाखवू नये म्हणाले.

यॉ उठला. खुर्च्या बदलल्या. आता जगातला कुठलाही वैमानिक तो फोटो पाहून एकच म्हणणार होता: कॅप्टन विल्क्स, आणि शेजारी त्याचा मदतनीस.

(पान तीन: 'आता आपल्याला कुणी शिकवायची गरज उरली नाही.')

"छान. आता हात मिळवू," मंत्री म्हणाले आणि दोन खुर्च्यांच्या मधे सरकले. मागे दारात मान्यवरांची दाटी. खांद्यावरची रंगीबेरंगी केंटेची वस्त्रं सावरत सगळे माना उंचावून बघत होते. मंत्र्यांनी उजवा हात पुढे केला.

उजव्या खुर्चीतून मागे वळलं, की जवळ येतो तो डावा हात.

यॉनं तोच पुढे केला.

मंत्र्यांचा हात तसाच हवेत.

"काय हे?"

"साहेब," यॉ म्हणाला, "तुम्ही बसवलंत तिथून हाच पोचतो."

फोटोग्राफरनं सचिवाकडे पाहिलं. सचिवानं भाषणाकडे. कॅमेऱ्याचं बटण मात्र आधीच दाबलं गेलं होतं.